पीडब्ल्यूव्ही चाचणी: दोन रिपोर्ट, दोन आकडे. विश्वास कुठल्यावर ठेवायचा?

कुतूहल
नमस्कार मंडळी. बाबांचे वय ६३. रक्तदाबाची गोळी चालू आहे, बाकी तब्येत ठणठणीत. डॉक्टरांनी धमन्यांचा ताठरपणा बघायला पल्स वेव्ह व्हेलॉसिटी (पीडब्ल्यूव्ही), म्हणजे नाडीच्या तरंगाचा वेग, मोजून घ्यायला सांगितले. पहिल्या ठिकाणी ११.४ मीटर प्रति सेकंद आले आणि शेजारी लाल अक्षरांत 'वाढलेला, मर्यादा १०'. घरात सगळ्यांची तोंडे उतरली. महिन्याभराने दुसरीकडे केली तर ९.३, 'मर्यादेत'. दोन्हीकडे मान आणि जांघ इथेच सेन्सर लावले होते. मधल्या काळात औषध तेच. रक्तदाब पहिल्या वेळी १४८/८६ होता, दुसऱ्या वेळी १३२/७८.

महिन्याभरात धमन्या मऊ होत नाहीत एवढे मलाही कळते. मग यातले यंत्र कुठले चुकले? ही चाचणी मुळात किती अचूक असते? जाणकारांनी प्रकाश टाकावा.

तिरपा_डोळा
सरासरी काढा, १०.३५ येते. कोणाचेच मन दुखावणार नाही.

साशंक
तिसरीकडे करा, तिसरा आकडा मिळेल. या नव्या नव्या चाचण्यांचे हेच असते. रक्तदाब माहीत आहे, साखर माहीत आहे, कोलेस्टेरॉल माहीत आहे. तरंगाचा वेग कळून डॉक्टर वेगळे काय करणार आहेत?

फूटपट्टी
@कुतूहल, कुठलेच यंत्र चुकले नसण्याची शक्यता जास्त आहे. वैद्यकीय उपकरणांच्या क्षेत्रात काम करतो, म्हणून जरा इस्कटून सांगतो.

वेग म्हणजे अंतर भागिले वेळ. यंत्र फक्त वेळ मोजते: मानेतल्या कॅरॉटिड धमनीत लाट कधी पोचली, जांघेतल्या फेमोरल धमनीत कधी पोचली, आणि त्या दोन्हींत किती मिलिसेकंद गेले. अंतर मात्र माणूस टेपने मोजतो, तेही शरीराच्या बाहेरून. खरी गोम इथे आहे. लाट मानेपासून निघून जांघेकडे जात नाही. ती हृदयातून निघते, तिचा एक फाटा वर मानेकडे जातो आणि त्याच वेळी दुसरा महाधमनीतून खाली उतरत असतो. म्हणजे मान ते जांघ हे सरळ अंतर लाटेने त्या वेळात कापलेलेच नसते, प्रत्यक्षातले अंतर त्याहून कमी असते.

यावर वेगवेगळ्या लोकांनी वेगवेगळे तोडगे काढले. कोणी सरळ अंतर जसेच्या तसे वापरले. कोणी छातीच्या हाडाच्या वरच्या खाचेपासून जांघेपर्यंतचे अंतर घेऊन त्यातून खाच ते मान हे अंतर वजा केले. शेवटी युरोपातल्या तज्ज्ञांनी २०१२ मध्ये एक सहमतीपत्रक काढले की मान ते जांघ सरळ अंतर मोजा आणि त्याचे ८० टक्के धरा.

आता ११.४ ला ०.८ ने गुणून बघा. ९.१ येते.

आकडेमोड
वा! वाचताना मीही कॅल्क्युलेटर काढला होता. पुढची गंमत म्हणजे मर्यादेचा आकडासुद्धा असाच बदललेला आहे. २००७ च्या युरोपीय मार्गदर्शिकेत मर्यादा १२ होती, ती सरळ अंतरावर बेतलेली. १२ गुणिले ०.८ म्हणजे ९.६, तो पूर्णांकात १० केला. त्यामुळे पूर्ण अंतर वापरणाऱ्याने मर्यादा १२ लावायची आणि ८० टक्के वापरणाऱ्याने १०. कुतूहल यांच्या पहिल्या ठिकाणी अंतर जुन्या रीतीचे आणि मर्यादा नव्या रीतीची, असे झाले असेल तर तो लाल रंग फुकटचा.

डॉ_निवांत
फूटपट्टी यांचा तर्क बरोबर वाटतो, पण रिपोर्ट हातात नसताना एवढी खात्री नको. मला आधी दिसला तो रक्तदाब. दोन वेळांत वरच्या दाबात १६ चा फरक आहे, सरासरी दाबात (खालचा दाब अधिक वरच्या-खालच्यातल्या फरकाचा एक तृतीयांश) साधारण १० चा. दाब वाढला की धमनीची भिंत ताणली जाते, भार लवचीक इलॅस्टिनवरून चिवट कोलॅजेनवर जातो आणि तीच धमनी त्या क्षणापुरती जास्त ताठर होते. या वयात सरासरी दाब १० ने वाढला तर वेगात अर्धा-पाऊण मी/से फरक पडू शकतो. धमनीच्या भिंतीत प्रत्यक्ष काही बदललेले नसते. म्हणून चाचणीच्या वेळचा रक्तदाब रिपोर्टवर नसेल तर नुसता वेगाचा आकडा मी वाचत नाही.

हृदयाच्या ठोक्यांचाही परिणाम होतो, पण तुलनेने कमी.

शेवंती
एक बाळबोध शंका. ११ मीटर प्रति सेकंद म्हणजे ताशी ४० किलोमीटर. रक्त इतक्या जोरात धावते?

तिरपा_डोळा
म्हणूनच डॉक्टर म्हणतात, राग आवरा. वस्तीत वेगमर्यादा ओलांडली जाते.

फूटपट्टी
@शेवंती, बाळबोध अजिबात नाही, बऱ्याच जणांचा हा गोंधळ असतो. रक्त इतक्या वेगाने धावत नाही. महाधमनीत ठोक्याच्या ऐन भरात ते सेकंदाला मीटरभर जाते, सरासरी धरली तर त्याहूनही पुष्कळ हळू. आपण मोजतो तो दाबाच्या लाटेचा वेग. उभ्या मालगाडीला इंजिनाने धक्का दिला की खडखडाट क्षणात शेवटच्या डब्यापर्यंत पोचतो, डबे मात्र वीतभरच सरकतात. तसेच हे. भिंत जितकी ताठर तितका तो खडखडाट लवकर पोचतो.

हे नवे नाही. थॉमस यंग यांनी १८०८ मध्येच याचा विचार केला होता. १८७८ मध्ये मोएन्स आणि कॉर्टवेग यांनी सूत्र दिले, ज्यात भिंतीची जाडी, तिचा ताठरपणा, नळीची त्रिज्या आणि रक्ताची घनता येते. १९२२ मध्ये ब्रॅमवेल आणि हिल यांनी तेच दाब आणि आकारमान यांच्या भाषेत मांडले.

आकडेमोड
त्या सूत्रात वेगाचा वर्ग येतो, हे इथे महत्त्वाचे. ११.४ आणि ९.३ यांच्यात दिसायला २३ टक्के फरक आहे. पण त्यावरून भिंतीचा ताठरपणा काढायला गेलात तर फरक ५० टक्के होतो. मोजमापातली चूक अशी फुगत जाते.

सांजवारा
उशिरा आले धाग्यावर. ही चाचणी मी स्वतः करते, तंत्रज्ञ आहे. सूत्रे वगैरे वरच्या मंडळींना माहीत, मी खाटेशेजारी उभे राहून काय दिसते ते सांगते.

माणूस धावतपळत येतो, आल्या आल्या झोपतो आणि म्हणतो, "करा लवकर." निदान दहा मिनिटे शांत पडून राहायला हवे. आधी दोन-तीन तास जेवण, सिगारेट, कॉफी नको, हे फोनवर सांगितलेले असते. तरी निम्मे लोक कॉफी पिऊन येतात आणि विचारल्यावर "थोडीशीच घेतली" म्हणतात. मोजताना बोलायचे नाही आणि झोपायचेही नाही. वयस्कर माणसे दहा मिनिटांच्या विश्रांतीत हमखास घोरायला लागतात, त्यांना हळूच जागे करावे लागते. परत मोजायचे असेल तर शक्यतो दिवसाच्या त्याच वेळी.

मग टेप. पोट सुटलेले असेल तर टेप पोटावरून जाते आणि अंतर उगाच वाढते. अंतर वाढले की वेग वाढलाच. धमनी काही पोटावरून वळसा घालून जात नाही. म्हणून टेप अंगाला चिकटवायची नाही, वर सरळ ताणून धरायची, किंवा सरळ दांडीचा मोठा कॅलिपर वापरायचा. मला शिकवणाऱ्या बाईंनी पहिल्या दिवशी टेपच हातात दिली होती, यंत्राला नंतर हात लावू दिला.

मानेवर सेन्सर फार दाबला तर ठोके मंदावू शकतात, हलका धरला तर लाट नीट उमटत नाही. जांघेत नाडी सापडायला वेळ लागतो, आणि माणूस संकोचलेला असेल तर रक्तदाब तिथेच वाढलेला असतो. आमच्याकडे दोनदा मोजतो. दोन आकड्यांत ०.५ मी/से पेक्षा जास्त फरक आला तर तिसऱ्यांदा, आणि तिन्हींतला मधला घ्यायचा.

कुतूहल
सांजवारा ताई, फार उपयोगी प्रतिसाद. बाबांना पहिल्या ठिकाणी आत नेले आणि पाच मिनिटांत बाहेर आणले. विश्रांती वगैरे काही नाही. दोन्ही रिपोर्ट शोधून अंतर लिहिले आहे का बघतो.

घड्याळजी
एवढा खटाटोप कशाला? माझे घड्याळ रोज सकाळी 'धमन्यांचे वय' सांगते. माझे वय ५१, धमन्यांचे ३४. टेप नाही, जांघ नाही, संकोच नाही.

तिरपा_डोळा
घड्याळ तुमचे, पट्टा तुमचा, चार्जिंग तुमचे. ते तुम्हाला ५८ कशाला सांगेल? (ह. घ्या.)

फूटपट्टी
@घड्याळजी, गंमत बाजूला ठेवून. मनगटावरचा हिरवा प्रकाश त्वचेखालच्या बारीक रक्तवाहिन्यांत रक्त किती भरले ते बघतो. एकाच जागी सेन्सर असल्यावर लाटेला लागलेला वेळ थेट मोजताच येत नाही, लाटेच्या आकारावरून अंदाज बांधावा लागतो. काही घड्याळांत ईसीजी असतो, तिथे ईसीजीच्या टोकापासून मनगटापर्यंतचा वेळ धरतात. पण त्यात एक चोर लपलेला आहे. हृदयाला विजेचा इशारा मिळाल्यापासून झडप उघडून रक्त बाहेर पडेपर्यंतचा काळ त्या वेळात धरला जातो. तो दर माणसाचा वेगळा असतो आणि त्याच माणसाचाही ताण, श्रम, औषधे यांनी बदलतो. त्याचा धमनीच्या ताठरपणाशी संबंध नाही.

शिवाय हातातल्या धमन्या स्नायुमय असतात. वयानुसार ताठर होते ती मुख्यतः महाधमनी, हाताच्या धमन्यांत तेवढा फरक पडत नाही. मान ते जांघ हा खटाटोप त्यासाठीच आहे.

आकडेमोड
दंडाला पट्टा बांधून पीडब्ल्यूव्ही सांगणाऱ्या यंत्रांबद्दलही बोलायला हवे. अशा काही यंत्रांत आधी वय भरावे लागते. का ते बघा. नुसते वय आणि सरासरी दाब घालून वेगाचा अंदाज देणारे एक प्रसिद्ध सूत्र आहे. त्यात बाबांचे वय ६३ आणि पहिल्या वेळचा सरासरी दाब १०७ घातला, १०.७ आले. दाब तोच ठेवून वय ४३ केले, ८.२ आले. धमनीला कोणी हातही लावला नाही! एकाच पट्ट्याचे यंत्र जे सांगते त्यात मोजलेले किती आणि वयावरून आलेले किती, हे वेगळे करणे अवघड असते. ज्यांच्याकडे असे यंत्र आहे त्यांनी वय वीस वर्षांनी कमी भरून बघा.

घड्याळजी
हे मात्र करून बघण्यासारखे आहे. घड्याळातही प्रोफाइलमध्ये वय भरलेले आहेच म्हणा.

साशंक
म्हणजे माझा मूळ मुद्दा कायम. टेप चुकते, पट्टा अंदाज करतो, घड्याळ खूश करते. मग ही चाचणी करायचीच कशाला?

डॉ_निवांत
@साशंक, कारण इतक्या गोंधळातूनही तिने काहीतरी ठोस दाखवले आहे. २०१० मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून झालेल्या विश्लेषणात महाधमनीतला वेग १ मी/से ने जास्त असेल तर हृदय आणि रक्तवाहिन्यांच्या घटनांचा धोका साधारण १४ टक्क्यांनी जास्त आढळला, तोही वय आणि इतर नेहमीचे धोके जमेस धरून. रक्तदाबाचा आकडा आजचा असतो. धमनीची भिंत गेल्या कित्येक वर्षांचा हिशेब दाखवते.

पण याच आकड्याची दुसरी बाजू बघा. १ मी/से ला इतके महत्त्व असेल तर टेपमुळे होणारी २ मी/से ची गफलत किती महाग पडेल? अचूकतेचा आग्रह त्यासाठी. आणि तुमचे अर्धे म्हणणे मला मान्य आहे: सरसकट प्रत्येकाला ही चाचणी करा असे मी म्हणणार नाही. उपचार बदलण्याचा निर्णय काठावर असेल तिथे ती कामाची.

साशंक
अर्धे मान्य केलेत हेही नसे थोडके. सरसकट नको एवढेच मला म्हणायचे होते, बाकी कामाची असेल तर असो.

फूटपट्टी
आतापर्यंत सगळे टेपवरच तुटून पडले आहेत, वेळ मोजण्यातली गोम राहूनच गेली. अंतर अर्धा मीटर धरा. वेग ६ असेल तर लाटेला ८३ मिलिसेकंद लागतात. त्यात ५ मिलिसेकंदांची चूक झाली तर उत्तर ६.४, काही बिघडत नाही. वेग १५ असेल तर लागतात फक्त ३३. तिथे तीच ५ मिलिसेकंदांची चूक उत्तर १७.६ वर नेते. म्हणजे ज्याच्या धमन्या ताठर, ज्याला चाचणीची खरी गरज, त्याच्याच बाबतीत ती सर्वांत जास्त डळमळते.

आणि ही चूक होते कुठे? लाट 'पोचली' कधी म्हणायचे यात. शिखर धरता येत नाही, कारण परतून येणाऱ्या लाटा शिखराचा आकार बदलतात. म्हणून लाटेचा पायथा धरतात. पण पायथा काही टोकदार नसतो. कोणी सर्वांत तीव्र चढाची जागा धरते, कोणी चढाची स्पर्शिका आणि तळाची आडवी रेषा जिथे छेदतात ती जागा धरते. २००५ च्या एका अभ्यासात त्याच नोंदवलेल्या लाटांवर वेगवेगळ्या पद्धती लावल्या, तर उत्तरांत ५ ते १५ टक्के फरक पडला. माणूस तोच, लाट तीच, टेपही तीच.

आणखी एक. काही यंत्रे मान आणि जांघ एकाच वेळी नोंदवतात. काही आधी मान, मग जांघ घेतात आणि ईसीजीच्या आधाराने दोन्ही जुळवतात. दुसऱ्या प्रकारात मधल्या मिनिटात ठोके किंवा दाब बदलला तर तो फरक सरळ उत्तरात शिरतो.

शेवंती
मग यंत्र चांगले की वाईट हे ठरवते कोण?

फूटपट्टी
आर्टरी सोसायटी या धमन्यांच्या अभ्यासकांच्या संघटनेने २०१० मध्ये निकष दिले. नवे यंत्र आधीच्या प्रमाण पद्धतीशी निदान ८५ माणसांवर ताडून बघायचे, तरुण, मध्यमवयीन, वृद्ध सगळे त्यात हवेत. सरासरी फरक ०.५ मी/से पर्यंत आणि प्रमाण विचलन (म्हणजे फरकांचा पसारा) ०.८ पर्यंत असेल तर उत्कृष्ट. फरक १ च्या आत आणि विचलन १.५ पर्यंत असेल तर चालण्यासारखे. त्यापुढे नापास. म्हणजे 'चालण्यासारख्या' यंत्राच्या दोन दशांशांपर्यंत छापलेल्या आकड्याकडे किती गंभीरपणे बघायचे ते तुम्हीच ठरवा.

वाटसरू
आमच्या काकांचा आकडा १६ आला होता! वरचे वाचून हातपाय गार पडले.

सांजवारा
@वाटसरू, घाबरू नका, आधी सांगा, पट्टे कुठे बांधले होते? दोन्ही दंड आणि दोन्ही घोटे?

वाटसरू
हो, चारही ठिकाणी. मान-जांघ काही नाही.

सांजवारा
मग ती दंड-घोटा चाचणी. तिचे आकडे मुळातच मोठे येतात, कारण पायातल्या ताठर धमन्याही त्यात येतात. जपानमध्ये ती फार वापरतात आणि तिथे जास्त धोक्याची रेघ १८ वर धरतात. तिथे १० ची मर्यादा लावायचीच नसते. अंतरही टेपने मोजत नाहीत, उंचीवरून सूत्राने काढतात. त्यामुळे मोजणाऱ्याचा हात बदलला तरी फरक कमी पडतो, पण ज्याचे पाय उंचीच्या मानाने लांब किंवा आखूड त्याला ते सूत्र थोडे फसवते. १६ मध्ये निवांत राहा असे मी म्हणणार नाही, डॉक्टरांना दाखवाच, पण मान-जांघेच्या १६ सारखे ते नाही.

वाटसरू
जीव भांड्यात पडला. आभार.

कुतूहल
दोन्ही रिपोर्ट सापडले. मागच्या पानावर बारीक अक्षरांत लिहिले आहे.
पहिला: अंतर ५८० मिमी, वेळ ५१ मिलिसेकंद, 'थेट अंतर'.
दुसरा: अंतर ४७८ मिमी, वेळ ५१.५ मिलिसेकंद, 'वजाबाकी पद्धत'.

आकडेमोड
घ्या! वेळेत फरक अर्धा मिलिसेकंद, बाकी सगळा खेळ अंतराचा. पहिल्याचे ८० टक्के म्हणजे ४६४ मिमी, वेग ९.१. दुसरा ९.३. एवढा जवळपणा म्हणजे दोन्ही ठिकाणच्या यंत्रांनी काम चोख केले आहे.

डॉ_निवांत
तरी एक टोचते. पहिल्या वेळी दाब जास्त होता, विश्रांतीही नव्हती, म्हणजे पहिला आकडा थोडा जास्त यायला हवा होता. तो उलट किंचित कमी आला. मी अर्धा-पाऊण म्हटले होते तेवढा फरक मोजमापाच्या हेलकाव्यांत बुडून गेला. वजाबाकीची पद्धत आणि ८० टक्क्यांची पद्धत तंतोतंत जुळतही नाहीत, त्याचाही भाग असेल.

कुतूहल, २०१० च्या युरोपीय संदर्भ आकड्यांत ६० ते ६९ वयोगटाची सरासरी १०.३ आहे, पसारा मात्र ५.५ ते १५ इतका रुंद. त्या मानाने बाबा ठीक आहेत. पुढच्या वेळी दुसऱ्याच ठिकाणी जा, त्याच यंत्रावर, सकाळची वेळ असेल तर सकाळीच. आणि १४८ चा रक्तदाब विसरू नका. घरी आठवडाभर सकाळ-संध्याकाळ मोजून तुमच्या डॉक्टरांना दाखवा. मला पीडब्ल्यूव्हीपेक्षा त्याची काळजी जास्त वाटते.

कुतूहल
नक्की. पहिल्या ठिकाणी फोन करून लाल रंगाबद्दल विचारले. "सॉफ्टवेअरच रंगवते" असे उत्तर मिळाले.

तिरपा_डोळा
सॉफ्टवेअरला १० माहीत आहे, टेपला ५८० माहीत आहे. दोघांची ओळख कोणी करून दिलेली दिसत नाही.

शेवंती
अवांतर: टेपचाच एवढा घोळ असेल तर एमआरआयमध्ये धमनीची खरी लांबी दिसत नाही का? वळणे वगैरे सगळे?

फूटपट्टी
दिसते, आणि वय वाढल्यावर महाधमनी लांबते, नागमोडी होते, ते टेपला कधीच कळत नाही, एमआरआयला कळते. पण तिथे दुखणे बाजू बदलते. एमआरआय ठोक्याची चित्रे ठरावीक अंतराने घेतो आणि दोन चित्रांमधला काळ कित्येक मिलिसेकंदांचा असतो. एवढ्याशा महाधमनीच्या तुकड्यात लाटेला वेळच इतका कमी लागतो की पायथा नेमका कुठल्या चित्रात हे ठरवताना परत अंदाज करावा लागतो. संशोधनासाठी उत्तम, रोजच्या वापरासाठी नाही.

सांजवारा
आणि ठोके अनियमित असतील तर आमच्याकडे काय, तिकडे काय, दोन्हीकडे पंचाईत. अशा पेशंटला मी जास्त ठोके नोंदवून घेते आणि रिपोर्टवर तसे लिहून देते. ईसीजीवर जुळवणाऱ्या यंत्रावर तर शक्यतो घेतच नाही.